छत्तीसचा आकडा

३ आणि ६ शेजारी शेजारी लिहिले की दोघे एकमेकांकडे पाठ करून बसतात. म्हणून ज्यांचे पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असे आपण म्हणतो. जागा बदलून ६३ लिहिले की तेच दोघे समोरासमोर येऊन गप्पा मारू लागतात. हा झाला मराठीचा तास. पण या आकड्याचे आपल्या क्रिकेटशी काही जुने नाते असावे, अशी माझी समजूत आहे. कुणाचा फॉर्म गेला, कुणाला कप्तान करावे आणि कसोटी खरी की झटपट सामने खरे, या तीन गोष्टींवरून क्रिकेटवेडी माणसे जी भांडतात, त्यांतली निम्मी भांडणे उकरत गेले तर तळाशी छत्तीस सापडतात. निदान आमच्या घरात तरी सापडत.

आमच्या घरात भांडणारे दोघे. आबा आणि दादा. आबा म्हणजे माझे आजोबा, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. दादा म्हणजे वडील, एस. टी.च्या कराड डेपोत मेकॅनिक. मुलाने आपल्यासारखे शिक्षक व्हावे ही आबांची इच्छा, दादांनी डी. एड. अर्ध्यावर टाकले आणि हातात पाना घेतला. त्यावरून जे बिनसले ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. दोघे जेवायला शेजारी बसत, पण बोलणे आईच्या मार्फत. "त्याला विचार, लाइटबिल भरलं का?" "आबांना सांग, कालच भरलं." मध्ये आई भाकरी थापते आहे आणि दोन हातांवरची माणसे तिच्याकडून निरोप पाठवताहेत, असे दृश्य मी लहानपणापासून पाहिले. क्रिकेट निघाले की मात्र आईची सुटका होई. मग दोघे थेट बोलत, आणि असे बोलत की शेजारचे शिंपीकाका कात्री ठेवून ऐकायला येत.

पहिले छत्तीस गावसकरांचे. ७ जून १९७५, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस, लॉर्ड्स. तेव्हा एकदिवसीय सामना ६० षटकांचा असे. इंग्लंडने ४ बाद ३३४ केल्या. आपल्याकडून सुनील गावसकर सलामीला गेले आणि ६० षटके संपली तेव्हा नाबादच होते. १७४ चेंडू, ३६ धावा, चौकार एक. भारत ३ बाद १३२; हार २०२ धावांनी.

"सात गडी राखून ठेवले ते कशाला? लोणचं घालायला?" दादा विचारीत.

आबांचा बचाव असा, की ज्याने जन्मभर कसोटी खेळायची म्हणून हाताला वळण लावले, त्याला एके सकाळी उठून वळण मोडायला सांगितले तर हात ऐकत नाही. मास्तर असल्याने ते उदाहरण देत: पुस्ती गिरवलेल्या पोराला एकदम लघुलेखनाच्या परीक्षेला बसवले तर तो अक्षर चांगलेच काढणार, फक्त पेपर पुरा होणार नाही. मग ते राखून ठेवलेला पत्ता टाकीत. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, न्यूझीलंडविरुद्ध. अंगात ताप असताना त्याच गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे एकुलते एक शतक.

"बारा वर्षं लागली की गिअर पडायला," दादा म्हणत.

"पण पडला ना?"

मला स्वतःला या वादात आबांची बाजू बरोबर वाटते. प्रकार नवा असताना जो अडखळतो त्याचा फॉर्म गेला असे म्हणता येत नाही. तो फक्त दुसऱ्याच परीक्षेला बसलेला असतो. तरीही १७४ चेंडू जरा जास्तच झाले.

दादा कपिलचे. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्लीची कसोटी हरल्यावर बेजबाबदार फटका मारला म्हणून कपिलला कलकत्त्याच्या कसोटीतून वगळले, कप्तान गावसकर. दादा तेव्हा सतरा वर्षांचे. कलकत्त्यात 'नो कपिल, नो टेस्ट'चे फलक लागले. कराडात दादांनी एकट्याने एक दिवस जेवण सोडले. गंमत अशी, की याच कसोटीत रवी शास्त्री पाचही दिवस फलंदाजीला मैदानात दिसले आणि सावकाश १११ धावा काढून लोकांच्या शिव्या खात राहिले. कसोटी ५ जानेवारीला संपली. १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडेवर मुंबईकडून बडोद्याविरुद्ध त्याच शास्त्रींनी तिलकराजच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक केले. सहा सक छत्तीस. हे उदाहरण दोघांचेही हुकमी होते. आबा म्हणत, बघ, मनात आणलं तर मारता येतं. दादा म्हणत, मग आदल्या आठवड्यात मनात का आणलं नाही?

तिसरे छत्तीस युवराजचे, २००७ साली दरबानला, विसाव्या शतकातल्या कुणाच्या स्वप्नातही नसलेल्या वीस षटकांच्या सामन्यात. त्यावर आमच्याकडे फारसा वाद झाला नसावा; आबांनी त्या खेळाला खेळ म्हणायचेच नाकारले होते. ज्याच्या षटकात ते सहा षटकार गेले तो स्टुअर्ट ब्रॉड त्या दिवशी संपला असे अनेकांनी ठरवून टाकले. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर कसोटीतले ६०४ बळी होते. हे आबांना सांगायचे राहून गेले.

चौथे छत्तीस मी स्वतः पाहिले. १९ डिसेंबर २०२०, ॲडलेड. शाळा मोबाइलवर भरत होती आणि मी दहावीत होते. पहिल्या डावात ५३ धावांची आघाडी घेतलेला आपला संघ दुसऱ्या डावात ३६ धावांत आटोपला. एकालाही दोन आकडी धावा नाहीत. सर्वांत जास्त ९, मयंक अगरवालच्या. आबा आणि दादा दोघेही गप्प. आमच्या घरात क्रिकेट चालू असताना शांतता, ही मी प्रथमच अनुभवली. आबा एवढेच म्हणाले, "चुहात्तर सालचे बेचाळीस बरे म्हणायचे." वाडेकरांच्या संघाचे लॉर्ड्सवरचे ४२. एकाहत्तरला वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरी जाऊन हरवणारा हा कप्तान. चुहात्तरच्या हारीनंतर त्याला पश्चिम विभागाच्या संघातही जागा उरली नाही. आबांना ते कायम टोचत असे.

कोहली बाळंतपणासाठी घरी परतला आणि संघ अजिंक्य रहाणेकडे आला. पुढचे आपणा सर्वांना पाठ आहे. मेलबर्नला त्याचे ११२ आणि आठ गड्यांनी विजय. सिडनीला विहारी आणि अश्विनने खेळून काढलेली अनिर्णित कसोटी. आणि १९ जानेवारी २०२१ रोजी, ॲडलेडला बरोबर महिना होत असताना, ब्रिस्बेनला ३२८ चा पाठलाग. दादा डेपोतून रजा काढून आले होते.

फेब्रुवारीत इंग्लंडचा संघ इकडे आला, कोहली परतला आणि कप्तानीही त्याच्याकडे परतली. दादा खवळले. जिंकून आणली त्याला खाली बसवायचे? हा कुठला न्याय? आबा म्हणाले, चार्ज तात्पुरता होता, मालक आला, परत दिला. यावर दादा म्हणाले, "म्हणायला सोपं आहे. द्यायला लागतं त्याला विचारा."

आबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मला विचार. मी चौदा महिने प्रभारी मुख्याध्यापक होतो."

आम्हांला हे ठाऊक नव्हते. आईलाही नव्हते. शाळेचा पट वाढला होता, गळकी कौले बदलून घेतली होती, आता कायमचे करतील असे सगळे म्हणत होते. आणि एका सोमवारी नवे मुख्याध्यापक हजर झाले. आबांनी त्याच दिवशी किल्ल्या दिल्या आणि चौथीच्या वर्गावर गेले.

"वाईट नाही वाटलं?" दादांनी विचारले.

"वाटलं की. तुझं डी. एड. सुटलं ते त्याच साली. सगळा राग तुझ्यावर निघाला असेल."

दूरदर्शनसंचावर जाहिरात लागली होती. दादांनी आवाज बंद केला नाही, कमीही केला नाही. थोड्या वेळाने ते उठले आणि आबांच्या औषधाच्या गोळ्या त्यांनी स्वतः आणून दिल्या, आईला न सांगता.

२०२२ च्या पावसाळ्यात आबा गेले. त्यानंतर दादा सामने पाहत, पण शिक्षा भोगल्यासारखे. विकेट पडली तरी मान वळत नसे. जून २०२३ मध्ये ओव्हलला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम कसोटीत रहाणे दीड वर्षाने परत आला आणि ८९ धावा करून गेला. एवढे झाल्यावर दादा आपणहून बोलले, "बघ, म्हणे फॉर्म गेला!" मी सहज म्हणाले, "एका डावानं काय होतंय? मेलबर्ननंतर शतक कुठं आहे?" हे वाक्य माझे नव्हते. दादांनी चमकून माझ्याकडे पाहिले, खुर्ची वळवून घेतली आणि तासभर ते माझ्याशी भांडले. सहा कसोटींत कप्तान, चार जिंकल्या, दोन अनिर्णित, हरली एकही नाही, हे त्यांनी मला तीन वेळा ऐकवले. शिंपीकाका कात्री ठेवून आले.

तेव्हापासून विरोधी पक्ष माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये महिलांच्या विश्वचषकात आपण लागोपाठ तीन सामने हरलो तेव्हा दादांना हरमनप्रीतची कप्तानी जायला हवी होती, जेमिमाला वगळले ते योग्यच वाटत होते. मी दोघींच्या बाजूने लढले. ३० ऑक्टोबरला जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून ३३९ धावांचा डोंगर चढवला आणि २ नोव्हेंबरला हरमनप्रीतच्या हाती चषक आला. दादा म्हणाले, "तरी तीन सामने हरलो होतो, ते विसरू नको." सांगलीची स्मृती मानधना मात्र वादाच्या बाहेर, ती आमच्याकडची आहे.

सध्या वाद चालू आहे तो कसोटीला एक आणि झटपट सामन्यांना दुसरा कप्तान असावा की नसावा यावर. दादा म्हणतात, एका गाडीला दोन ड्रायव्हर चालत नाहीत. मी आबांच्या बाजूने म्हणते की परीक्षा वेगळी तर मास्तरही वेगळा हवा. खरे सांगायचे तर या बाबतीत मला दादांचेच पटते. पण हे त्यांना कळता कामा नये. त्यामुळे हा अंक घरी न्यायचा की नाही, ते अजून ठरलेले नाही.