धूळपाटीवरचा अनेकांत



बऱ्याच जणी विचारतात की मी दर पंधरा दिवसांनी लॅपटॉपची पिशवी घेऊन जाते तरी कुठे. कधी इथेच पेणच्या कॉलेजात, कधी दिवा-रोहा गाडीत बसून कासू, नागोठणे मागे टाकत रोह्याला. तिथल्या मुलींना मराठी विकिपीडियावर लेख लिहायला आणि सुधारायला शिकवण्यात मी हातभार लावते. चौविहार सांभाळायचा असतो म्हणून दुपारचीच वेळ मागून घेते. "यात धर्माचं काय?" असंही एकीने विचारलं. आजचा लेख त्याच प्रश्नासाठी.

विकिपीडिया आपण सगळ्याच वापरतो. नातवंडांचा प्रोजेक्ट असो की एखाद्या तीर्थाची माहिती, मोबाईलवर पहिलं तेच पान उघडतं. पण ते लिहितं कोण, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पूर्वी ज्ञानकोश म्हणजे मोठ्या विद्वानांचं काम. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. विकिपीडिया २००१ साली इंग्रजीत सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी. इथे लिहिणारे तुमच्या-माझ्यासारखेच लोक. पगार नाही, मानधन नाही. कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं.

नवीन माणसाने सराव करायचं जे पान असतं, त्याला मराठी विकिपीडियावर 'धूळपाटी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडला. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुलं बोटाने अक्षरं गिरवायची, चुकलं की हात फिरवून पुन्हा लिहायची. चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हणतात. आणि प्रत्येक लेखाला 'इतिहास पहा' अशी एक खिडकी असते. कुणी, कधी, कोणता शब्द बदलला, ते सगळं तिथे राहतं. मी बी.कॉम. झालेली. आम्हाला शिकवलं होतं की रोजमेळात खाडाखोड करायची नाही, चुकीची नोंद तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद टाकायची. विकिपीडियाचा इतिहास पाहिला आणि वाटलं, ही तर आपल्या दुकानाची वही.

मुलींना मी तीन गोष्टी शिकवते. तिन्ही मला विकिपीडियाच्या नियमांत सापडल्या, पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या व्रतांत होत्या.

पहिली, उचलून लिहायचं नाही. आपण त्याला अदत्तादान म्हणतो, न दिलेलं घेणं. मुलींना हे चोरी वाटतच नाही. गुगलवर सापडलं, चिकटवलं, झालं. म्हणून मी त्यांना पुण्याची गोष्ट सांगते. २०११ साली पुण्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लिहायला लावण्याचा मोठा उपक्रम झाला. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिम्बायोसिसचं अर्थशास्त्र विद्यालय, एसएनडीटी अशा नावाजलेल्या संस्था त्यात होत्या. हेतू उत्तम होता. पण अनेक मुलांनी पुस्तकांतले आणि वेबसाईटवरचे परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे टाकले. ते शोधून पुसता पुसता जगभरचे स्वयंसेवक थकले आणि काही महिन्यांतच उपक्रम आटोपता घ्यावा लागला. मुलं वाईट नव्हती. कामाला मार्क होते, वेळ थोडा होता, आणि एवढ्या मुलांना हाताला धरून शिकवायला माणसं पुरेशी नव्हती. म्हणून आम्ही एका वेळी दहाच मुली घेतो. आधी वाचायचं, मग पुस्तक मिटायचं, मग आपल्या शब्दांत लिहायचं. पुस्तक मिटल्यावर दोन वाक्यंच उरली तर दोनच लिहायची.

दुसरी, पावतीशिवाय नोंद नाही. विकिपीडियावर प्रत्येक विधानाला छापील किंवा भरवशाचा संदर्भ लागतो. मी त्यांना सांगते, "संदर्भ म्हणजे व्हाउचर." कॉमर्सच्या मुली लगेच हसतात. रोह्याच्या एका मुलीने चिंतामणराव देशमुखांवर लिहायला घेतलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा देणारे. तिचं पहिलंच वाक्य होतं, त्यांचा जन्म रोह्यात झाला. घराणं रोह्याचं, गावाला त्यांचा अभिमान, त्यामुळे तिथे सगळे असंच बोलतात. पण पुस्तकं सांगतात की १४ जानेवारी १८९६ ला त्यांचा जन्म महाड तालुक्यातल्या नाते गावी, आजोळी नाही की रोह्यात नाही असा वाद घालत बसण्यापेक्षा पुस्तकात आहे तेवढंच लिहू, असं ठरलं. तिने वाक्य बदललं, थोडी हिरमुसली. मी म्हटलं, "रोह्याचा मान कमी होत नाही गं, आणि खऱ्याचा वाढतो."

पेणच्या एका मुलीचं मात्र मला फार लागलं. तिला आपल्या गणपतींवर लिहायचं होतं. तिची आजी कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. पेणच्या मूर्तीची खरी ओळख त्या डोळ्यांत असते, हे आपल्याकडे कुणालाही विचारा. मुलीने आजीकडून सगळं विचारून आणलं. ब्रश कसा धरायचा, आधी पांढरा, मग बुबुळ, हात कधी थांबवायचा. चार पानं सुरेख मजकूर. आणि त्यातलं एकही वाक्य विकिपीडियावर टाकता येत नव्हतं, कारण ते कुठेच छापलेलं नव्हतं. कारखानदारांची नावं बातम्यांत सापडली, मूर्ती कुठे कुठे जातात तेही सापडलं. आखणी करणाऱ्या बायकांबद्दल तिला काही सापडलं नाही. "म्हणजे आजीला येतं ते खोटं का काकू?" तिने विचारलं. खोटं नाही, फक्त अजून वहीत चढलेलं नाही. आम्ही तो मजकूर फेकला नाही. आजीचं नाव, तारीख घालून तो कॉलेजच्या वार्षिकासाठी दिला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. विकिपीडिया तिला तटस्थ दृष्टिकोन म्हणतो, आपण अनेकांत म्हणतो. पाठशाळेत हत्ती आणि सहा आंधळ्यांची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. सांगताना आपण कायम डोळस असतो, आंधळे दुसरे असतात. माझी परीक्षा यंदा झाली.

विनोबांचा जन्म आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५. एक मुलगी त्यांच्यावर लिहीत होती. आपल्या दृष्टीने विनोबांचं आणखी एक मोठं काम म्हणजे 'समणसुत्तं'. त्यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णींनी ७५६ गाथांचं संकलन केलं आणि सगळ्या पंथांनी ते मान्य केलं. हे मीच तिला सांगितलं, तेव्हा तिने आनंदाने टिपून घेतलं. मग ती शेवटाकडे आली. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. मुलीने धूळपाटीवर लिहिलं, "त्यांनी जैन धर्मातील संथाऱ्याप्रमाणे मरण स्वीकारले. संथारा ही आत्महत्या आहे, असे न्यायालयाने म्हटले आहे." आणि मान वर करून विचारलं, "काकू, बरोबर आहे ना?"

माझ्या सासूबाईंनी संथारा घेतला होता, आमच्याच घरात, देवघराशेजारच्या खोलीत. महाराजसाहेबांची आज्ञा घेऊन, घरातल्या प्रत्येकाला, अगदी भांडी घासणाऱ्या बाईंनाही खमावून. अकरा दिवस आम्ही आळीपाळीने नवकार म्हटला. शेवटच्या दिवशीही त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता होती, ती मी आजवर दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. आणि समोरच्या पडद्यावर तो शब्द. त्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या एका होकाराने किंवा नकाराने तिने ते वाक्य पुसलं असतं.

मी पुसायला सांगितलं नाही. कारण न्यायालयाने तसं म्हटलं होतं, हे खरं आहे. मी तिला रोजच्यासारखेच प्रश्न विचारले. कोणतं न्यायालय? कधी? पुढे काय झालं? दुसरी बाजू काय म्हणते? तिने अर्धा तास शोधलं. मग तिच्या धूळपाटीवर असं आलं की राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा दंडनीय ठरवला. त्याविरुद्ध देशभर जैन समाजाने मौन मोर्चे काढले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१५ रोजी त्या निकालाला स्थगिती दिली. जैन परंपरेनुसार हे व्रत राग, निराशा किंवा दुःखातून नव्हे, तर आयुष्याच्या अंती कषाय क्षीण करण्यासाठी घेतलं जातं. सगळ्या वाक्यांपुढे संदर्भ. "आत्महत्या आहे" या शब्दांची जागा "असे उच्च न्यायालयाचे मत होते" या शब्दांनी घेतली. आपला 'स्यात्' म्हणजे दुसरं काय? या बाजूने पाहिलं तर असं, आणि ही बाजू कुणाची ते सांगून.

तरीही एक गोष्ट त्या लेखात नव्हती, माझ्या सासूबाई. त्यांचे अकरा दिवस मी डोळ्यांनी पाहिले, पण विकिपीडियावर डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही. जो नियम पेणच्या त्या आजीला लागला, तोच मला लागला. आणि तो बरोबर आहे, असंच मला वाटतं. उद्या कुणी दुसरं, डोळ्यांनी पाहिलं म्हणून आपल्या व्रतांबद्दल काहीही लिहील, तेव्हा हाच नियम आपल्या उपयोगी पडेल.

पण मग आपल्या बायकांचं कुठे लिहिलं जाणार? आपल्या संघांच्या स्मरणिका काढून बघा. वर्षीतप बाईने केलेला असतो आणि खाली नाव असतं 'अ.सौ.' आणि पुढे नवऱ्याचं. तिचं माहेर नाही, वय नाही, कधीकधी गाव नाही. शंभर वर्षांनी कुणी मुलगी आपल्याबद्दल शोधायला निघाली, तर तिला काय सापडेल? आपल्या पूर्वजांनी वल्लभीला आगम लिहून काढले, पाटण आणि जैसलमेरला ज्ञानभंडार जपले, कारण लक्षात ठेवलेलं विसरलं जातं हे त्यांना कळलं होतं.

ज्यांना विकिपीडियावर सुरुवात करायची आहे, त्यांनी लेख लिहिण्याची घाई करू नये. खातं उघडा, धूळपाटीवर चार ओळी लिहा, मग एखाद्या लेखातलं शुद्धलेखन सुधारा, एका वाक्याला एक संदर्भ जोडा. आपल्याच देरासरची स्तुती लिहू नका, ती टिकत नाही. फोटो स्वतः काढलेलाच टाका, आणि गाभाऱ्याचा असेल तर आधी ट्रस्टींना विचारा, आशातना नको.

आणि ज्यांना हे काही जमणार नाही, त्यांच्यासाठी एक विनंती. ज्ञानपंचमीला आपण ५१ साथिये काढतो, पुस्तकांना वासक्षेप वाहतो. यंदा त्याच दिवशी एक कोरी वही घ्या आणि घरातल्या एका स्त्रीबद्दल एक पान लिहा. तिचं स्वतःचं नाव, माहेर, जन्मसाल, तिने केलेली तपं, तिला येणारी एखादी विद्या, मग ती आंबेलची रसोई का असेना. ते स्मरणिकेत छापा, गावच्या पेपरकडे पाठवा, एक प्रत वाचनालयात ठेवा. स्मरणिकेला विकिपीडियावर फार वजन नसतं, पण काहीच नसण्यापेक्षा ती एक पावती असते.

मी सासूबाईंचं पान लिहायला घेतलं आहे. त्यांचं नाव गुलाबबाई होतं. घरात सगळे 'बा' म्हणायचे, त्यामुळे माझ्या सुनेला ते नाव परवा पहिल्यांदा कळलं.