बेलव्हिलची परदेशी सुगरण

पॅरिस म्हटलें कीं डोळ्यांसमोर प्रथम आयफेल मनोरा उभा राहतो. परंतु त्या शहराचें स्वयंपाकघर पाहावयाचें असेल, तर ईशान्येकडील बेलव्हिलची टेकडी चढावी. 1860 सालीं पॅरिसमध्यें सामील होण्यापूर्वीं हें निराळें गांव होतें. पुढें येथें आर्मेनियन आले, पोलंडचे ज्यू आले, ट्युनिशिया-अल्जीरियाचे लोक आले, मागाहून चिनी आले. आणि प्रत्येकानें आपली चूल मांडली.

या टेकडीवरील एका गल्लींत ‘ल बारातॅं’ नांवाच्या लहानशा बिस्त्रोनें मोठी कीर्ति मिळविली. बारातॅं म्हणजे लाघवी बडबड. बिस्त्रो म्हणजे आपल्याकडील खाणावळीसारखी जागा: घरगुती वळणाचें जेवण, सोबत द्राक्षमद्य, आणि डामडौलास फांटा. पदार्थांची यादी खडूनें काळ्या पाटीवर लिहावयाची. बाजार बदलला कीं पाटी बदलली.

येथील चूल 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तीसांहून अधिक वर्षें राकेल कारेना या बाईंनीं सांभाळली. त्या जन्मानें अर्जेंटिनाच्या. पाकशाळेंत न जातां करीत करीत त्या शिकल्या. त्यांचा गाजलेला पदार्थ म्हणजे लोणी व लिंबू घातलेला वासराचा मेंदू! हें वाचून आमच्या सोंवळ्या वाचकांच्या अंगावर शहारे येतील, हें आम्ही जाणतों. पण पदार्थ बाजूस ठेवून त्यामागील रीत पाहावी. श्रीमंतांनीं नाकारलेलें स्वस्त जिन्नस घ्यावें आणि धीरानें व कौशल्यानें तें रुचकर करावें, ही बिस्त्रोची जुनी विद्या. कोंड्याचा मांडा करणाऱ्या आपल्या आजीबाईंना ती परकी वाटणार नाहीं.

फ्रेंच परंपरा परदेशी बाईच्या हातीं कशी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर बिस्त्रोच्या इतिहासांतच आहे. 19 व्या शतकांत ओव्हेर्न्य प्रांतांतील गरीब माणसें पोटासाठीं पॅरिसला आलीं. कोळसा विकतां विकतां तीं दुकानांत मद्याचे पेलेही देऊं लागलीं, आणि पुढें शहरांतील कित्येक बिस्त्रो त्यांच्याच हातीं आले. ‘बिस्त्रो’ हा शब्दही 1814 सालीं पॅरिसमध्यें शिरलेल्या रशियन शिपायांच्या ‘लौकर आणा’ या ओरड्यांतून निघाला, अशी दंतकथा आहे. शब्द छापील स्वरूपांत दिसतो तो 1884 पासून, म्हणून भाषापंडित ती मानीत नाहींत.

आपल्या घरांत तरी निराळें काय घडतें? ‘आमच्या घरची आमटी’ म्हणून जी चव आपण पाहुण्यांपुढें मिरवितों, ती राखली कोणीं? परगांवाहून, परक्या गोत्रांतून आलेल्या सुनांनीं! सासूच्या हाताखालीं त्या शिकल्या, माहेरचें चिमूटभर कांहीं त्यांत घातलें, आणि वीस वर्षांनीं तीच घराची रीत ठरली. तरीही कांहीं घरांत त्यांस ‘बाहेरची’ म्हणण्याची खोड जात नाहीं.

वाचकहो, येत्या सणाला पंक्तींत आमटीची तारीफ कराल, तेव्हां ती कोणाच्या हातची आहे हेंही आंत ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें सांगावें, एवढीच विनंती.