घोडा, कॅमेरा आणि मी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. जानेवारी २०२४ च्या गॅदरिंगमध्ये फोटोग्राफी स्पर्धेत ज्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, तो मी काढला होता. ‘ओझं’ हे त्या फोटोचं नाव. पावसात मान खाली घालून उभा असलेला एक घोडा, अर्धे मिटलेले डोळे, एक मागचा पाय किंचित उचललेला, पाठीमागे माथेरानचं धुकं. परीक्षकांनी “मूक प्राण्याची वेदना टिपली आहे” असं कौतुक केलं होतं. त्यानंतर आठवडाभर मेसमध्ये माझ्या ताटात भाजी जरा जास्त पडत होती (हा माझा भ्रमही असू शकतो!).

तर त्या फोटोचीच ही गोष्ट. ती जरा लाजिरवाणी आहे, पण सांगायलाच हवी.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही हॉस्टेलचे सात जण माथेरानला गेलो होतो. नेरळहून शेअर टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत, आणि तिथून पुढे पायी, कारण माथेरानात मोटारींना बंदी. गाडी दस्तुरीला सोडायची आणि मग चालायचं, मिनी ट्रेन पकडायची, नाहीतर घोडा करायचा. माझ्या गळ्यात मावसभावाचा जुना डीएसएलआर होता. मॅन्युअल मोडवर नुकताच हात बसत होता, त्यामुळे दिसेल त्याचा फोटो! घोड्यांच्या स्टँडवर एक घोडा एकटाच भिजत उभा दिसला. बरगड्या थोड्या दिसत होत्या. मी पाच-सहा फोटो काढले. त्याच्या मालकाला विचारलंही नाही. खोलीवर येऊन फोटो ब्लॅक अँड व्हाईट केला, कोपरे काळे केले आणि घोडा आणखी दुःखी दिसायला लागला.

बक्षीस मिळाल्यावर मला वाटलं, ज्याच्या घोड्यामुळे हे मिळालं त्याला एक प्रिंट भेट द्यावी. फेब्रुवारीत फ्रेम केलेला फोटो घेऊन एकटाच गेलो. दोन-तीन जणांना विचारत विचारत मालक सापडले. साठीच्या आसपासचे, डोक्याला रुमाल. ते नेरळच्या बाजूच्या वाडीतले. मी त्यांना काकाच म्हणतो, इथेही तेवढंच म्हणेन. त्यांनी फ्रेम हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग विचारलं,

“हे खाली काय लिवलंय?”

“ओझं,” मी म्हणालो. “म्हणजे... घोड्याचं दुःख दाखवायचं होतं.”

“घोडा नाय तो, घोडी हाय. बिजली. आणि झोपलीय ती.”

मला काहीच सुचेना. मग त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो. पायातले स्नायूबंध आणि सांधे असे काही अडकतात की फार जोर न लावता शरीर तोललं जातं. तेव्हा एक मागचा पाय तो सैल सोडतो, मग थोड्या वेळानं दुसरा. मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो. पाऊस आला की वाऱ्याकडे पाठ करून मान खाली घालतो, म्हणजे तोंडावर मारा येत नाही. आमच्या मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर तो एक फुकटचा लॉकिंग मेकॅनिझम आहे! मी ज्याला वेदना म्हटलं होतं, ती दुपारची झोप होती.

“पण काका, बरगड्या...?” मी हळूच विचारलं.

“ते खोटं नाय,” ते म्हणाले. “पावसात गिऱ्हाईक नसतं. चंदी कमी करावी लागते. पण ते तू विचारलं नाहीस ना पोरा.”

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फ्रेम परत माझ्या हातात दिली. म्हणाले, “मागच्या महिन्यात एक बाई आली, मोबाईलवर हाच फोटो दाखवून बोलली, असल्या घोड्यावर आम्ही बसणार नाय. शनिवार होता.” फोटो कॉलेजच्या ग्रुपवरून कुठे कुठे फिरला होता, देव जाणे. त्या शनिवारची कमाई माझ्या बक्षिसाच्या रकमेपेक्षा नक्कीच जास्त असणार.

परतीच्या लोकलमध्ये मला मायब्रिजची आठवण झाली. आपल्यातल्या फोटोग्राफीवाल्यांना हा किस्सा माहीत असेल. पळताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, हा जुना प्रश्न. डोळ्यांना ते दिसतच नाही. चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा काढायचे. १८७८ साली कॅलिफोर्नियात लीलँड स्टॅनफर्ड या धनिकाच्या ट्रॅकवर एडवर्ड मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावले, घोडा पळाला की दोरे तुटून एकामागून एक शटर पडतील अशी व्यवस्था केली, आणि उत्तर मिळालं. चारही पाय खरंच हवेत असतात, पण ताणलेले नाही, पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे कॅमेऱ्यानं माणसाच्या डोळ्याची चूक दाखवली. माझ्या कॅमेऱ्यानं उलटं केलं. माझ्या डोक्यातली चूक छापून तिला फ्रेम केलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. या वेळी काय करावं ते काकांनाच विचारलं. ते म्हणाले, “फोटोच काढतोस ना? मग उपयोगाला येईल असा काढ.”

मग कळलं की घोड्याच्या विम्यासाठी, आजारपणाच्या नोंदीसाठी जनावराची ओळख पटेल असा फोटो लागतो. त्यांच्या ओळखीतल्या एकाची घोडी दगावली, तेव्हा एका विमा कंपनीनं दावा फेटाळला. कारण काय, तर अर्जाला लावलेल्या फोटोतली तांबूस घोडी आणि मेलेली तांबूस घोडी एकच, हे सिद्ध होत नव्हतं. फोटो मोबाईलवर समोरून काढलेला, त्यावर गिऱ्हाईकाचं पोर बसलेलं!

घोड्याची ओळख कशी पटते, हेही काकांनीच सांगितलं. कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अंगावरचे भोवरे. आपल्या डोक्यावर जसा केसांचा भोवरा असतो तसे घोड्याच्या कपाळावर, मानेवर, छातीवर असतात आणि त्यांची जागा बदलत नाही. जुने लोक त्यावरून शुभ-अशुभ बघतात. गळ्यावरच्या भोवऱ्याला ‘देवमण’ म्हणतात, तो असला की घोड्याचा भाव वाढतो. शुभ-अशुभाचं मला माहीत नाही, पण आधार कार्डाच्या अंगठ्यासारखा त्याचा उपयोग होतो हे नक्की.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएल लागली आणि सगळे जण फ्लुइड मशिनरी वाचत असताना मी नेरळची गाडी पकडली. (निकाल काय लागला ते विचारू नये.) सोबत माझा रूममेट, रजिस्टर लिहायला. पर्यटक यायच्या आत, सकाळी सहा ते साडेआठ, एवढाच वेळ मिळायचा. प्रत्येक घोड्याचे ९ फोटो. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून, चारही खूर वेगवेगळे आणि भोवरे. दोन खेपांत ३४ घोडे झाले.

ज्यांना पुढे असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घोड्याच्या जवळ जाऊन वाइड लेन्सनं फोटो काढला तर डोकं भलंमोठं आणि मागचा भाग लहान येतो. त्यामुळे लांब उभं राहून, लेन्स ५५ मिमीवर ठेवून, कॅमेरा त्याच्या पोटाच्या उंचीवर धरायचा. जमीन सपाट हवी आणि गवत नको, म्हणजे खूर दिसतात. काळा घोडा असेल तर कॅमेरा फसतो आणि त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर थोडं कमी करायचं. फ्लॅश अजिबात नाही. आणि मागून कधीही जायचं नाही, कारण घोड्याचे डोळे दोन्ही बाजूंना असले तरी थेट मागचं त्याला दिसत नाही. हा धडा माझ्या रूममेटला एका लाथेच्या वाऱ्यानं शिकवला. लागली नाही, पण त्यानंतर रजिस्टर दहा फुटांवरूनच लिहिलं गेलं. कान पुढे करायचे असतील तर वेफर्सचं पाकीट चुरचुरवायचं. हे मात्र शंभर टक्के चालतं.

दुसऱ्या दिवशी एक अवघड प्रसंग आला. एक उमदा अबलख घोडा, बघितल्याबरोबर कॅलेंडरवर छापावा असा. त्याचं खोगीर काढायला सांगितलं तर मालक टाळाटाळ करू लागला. काढल्यावर कळलं. पाठीवर रुपयाएवढी दोन जागी कातडी सोललेली होती. “याचा फोटो नको दादा,” तो म्हणाला. “आधीच तसला एक फोटो गाजलाय.”

आता काय करायचं? मी आधी एका झोपलेल्या घोडीला दुःखी म्हणून छापलं होतं. आता खरंच दुखत असलेल्या घोड्याला सुखी म्हणून छापू? मी काकांकडे बघितलं. काका त्या मालकाला बाजूला घेऊन गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण आवाज चढलेला होता. परत आल्यावर मालकानं मला विचारलं, “सुट्टीवर ठेवला तर याच्या खाण्याचं कोण बघणार? पुढच्या आठवड्यात शाळांच्या सहली हायत.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की जखमेचा फोटो काढायचा, पण तो फक्त डॉक्टरला दाखवायचा, इतर कुठे जाणार नाही. मी काढला. घोडा आठ दिवस स्टँडवर आला नाही. त्या मालकानं मला चहासुद्धा विचारला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

त्याच्या त्या प्रश्नावरून कॅलेंडरची कल्पना सुचली. १२ महिने, १२ घोडे, प्रत्येकाचं नाव आणि खाली दोन ओळींत त्याची ओळख. आम्ही २०२५ च्या १५० प्रती छापल्या. छपाईचे ७० रुपये, विक्री १२० ला. हॉस्टेलचे चारही मजले, स्टाफ रूम, लायब्ररी, अगदी वर्कशॉपमध्येसुद्धा विकली. १४१ जणांचे पैसे आले. उरलेल्या नऊ जणांची नावं माझ्याकडे आहेत, आणि हा लेख तेही वाचतील अशी आशा आहे! हिशेब करून ६,४२० रुपये उरले.

ते घेऊन काकांकडे गेलो. सगळ्यांना सारखे वाटले असते तर प्रत्येकाला दोनशेसुद्धा आले नसते. काकांनी आणखी दोघांना बोलावलं आणि ठरवलं, हे पैसे ‘खाड्या’चे. जखम, लंगडणं, ताप, अशा कारणानं घोडा स्टँडवर आणला नाही तर त्या दिवसाचे चंदीला २०० रुपये. पैसे ३२ खाड्यांना पुरले. पहिले आठ खाडे त्या अबलख घोड्याचे मागल्या तारखेनं लावले. मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, आणखी चार घोडे थोडे थोडे दिवस घरी राहिले. खुरांचे फोटोही कामाला आले. काकांनी बिजलीचा खूर पुन्हा काढायला लावला, नोव्हेंबरच्या फोटोशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवला, आणि चीर वर सरकतेय हे वेळेत कळलं.

यानं माथेरानच्या घोडेवाल्यांचे प्रश्न सुटले असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माणसानं ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढू नये हे कुणालाही पटेल, आणि शाळेतल्या मुलांना नि म्हाताऱ्यांना ई-रिक्षाची सोयही आहे. पण घोडेवाल्यांना त्यात आपलं गिऱ्हाईक जाताना दिसतं. शिवाय रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर नाल घसरते अशी त्यांची तक्रार आहेच. ३४ ओळखपत्रं आणि एक कॅलेंडर याच्यापुढे काय पुरणार? मी हे काकांना बोलून दाखवलं, तर ते खराऱ्यानं बिजलीची पाठ घासत म्हणाले, “तू कॅलेंडरचं बघ. बाकीचं आमी बघतो.”

तर ते बघतो आहे. पुढच्या कॅलेंडरला हात हवे आहेत. फोटो काढता येत नसेल तरी चालेल, रजिस्टर लिहायला माणूस लागतोच (लाथेचा अनुभव मोफत).

आणि एक राहिलं. मासिकाच्या संपादकांनी या लेखासोबत माझा तो बक्षीस मिळालेला फोटो छापायला मागितला. काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, छाप, पण नाव बदल. त्यांनीच सांगितलेलं नाव फोटोखाली दिलं आहे : ‘बिजली, दुपारी झोपलेली’.