दोन नंबरचा मीटर

आमच्या लेस्टरच्या घरात विजेचे दोन मीटर होते. पूर्वी इथे वर-खाली असे दोन फ्लॅट होते. आधीच्या मालकाने त्यांचं एक घर केलं, पण जिन्याखालच्या कपाटातले मीटर दोनच राहिले. एक नंबरच्या मीटरवर सगळं घर चालायचं. दोन नंबरचा नुसताच भिंतीवर बसून. त्याचा आकडा कधी हलला नाही, बिल मात्र नेमाने यायचं. इथे त्याला स्टँडिंग चार्ज म्हणतात. वीज वापरा न वापरा, जोडणी आहे म्हणून दिवसाला पन्नास-साठ पेन्स. वर्षाचे झाले दोनशे पौंड.

"अहो, एवढ्यात हापूसच्या दहा पेट्या येतील," बायको म्हणाली. मग मात्र फोन उचलावाच लागला.

इथली गंमत अशी की १९९० साली वीजधंदा खासगी झाला आणि १९९८-९९ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांनाही पुरवठादार निवडायची मुभा मिळाली. त्यामुळे वीज विकणारी कंपनी वेगळी आणि तारा सांभाळणारी वेगळी. मीटर पहिलीच्या ताब्यात, रस्त्यातून आलेली केबल आणि मेन फ्यूज दुसरीचा, मीटरच्या पुढची वायर आपली. पहिली म्हणाली, केबल आमची नाही. दुसरी म्हणाली, आधी मीटर काढून घ्या. तीन आठवडे मी दोघींच्या मधे न्यूट्रलसारखा लोंबकळत होतो.

दोघींना कळणारी एकच गोष्ट, ती म्हणजे बिलावरचा १३ आकडी क्रमांक. त्याला 'एमपॅन' म्हणतात. तो माणसाचा नाही, मीटरचाही नाही, तर जोडणीचा असतो. मालक बदलो, कंपनी बदलो, मीटर बदलो, क्रमांक तोच. पहिले दोन आकडे विभागाचे. आमचे ११, म्हणजे ईस्ट मिडलंड्स. शेवटचा आकडा पडताळणीचा. आधीच्या बारा आकड्यांना ३ पासून ४३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी (११ वगळून) ओळीने गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, जी बाकी उरेल तो तेरावा आकडा. बाकी १० आली तर शून्य. मी कागदावर करून पाहिलं, जुळलं. इंजिनियरला रविवारी दुसरं काय काम असतं?

मग दोन नंबरचा मेन स्विच पाडून घरभर हिंडलो. काहीही बंद पडलं नाही. जोडणी कायमची काढायची ना, अशी विचारणा आली. कारण एकदा केबल तोडून तिचं टोक बंद केलं आणि क्रमांक मिटवला की परत जोडणी हवी तर नव्याने अर्ज, नव्याने खोदाई, नव्याने खर्च. मी मिनिटभरात 'हो' कळवलं. एक दिवस माणूस येऊन मीटर घेऊन गेला, पुढच्या आठवड्यात फुटपाथ खोदून केबल कापली. भिंतीवर चार भोकं उरली.

त्याच आठवड्यात वाईहून धाकट्या भावाचा फोन आला. आई गेल्यापासून तिथल्या घराला कुलूप आहे. बिल अजून बाबांच्या नावावर येतं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. वापर शून्य युनिट, तरी स्थिर आकार भरावाच लागतो. ते बिल मी इथून ऑनलाइन भरतो, त्यामुळे १२ आकडी ग्राहक क्रमांक पाठ झालाय.

"दादा, मीटर काढून टाकायचा का? फुकट पैसे जातात."

हिशेब अगदी तोच होता. बंद घर, न हलणारा आकडा, महिन्याचा भुर्दंड. आणि मी तर नुकताच या विषयात तज्ज्ञ झालेलो! पण तोंडून 'हो' निघेना. रेशनकार्डावरून बाबांचं नाव कमी झालं, मतदार यादीतूनही गेलं. आता ते फक्त बिलावर उरलंय. शिवाय मीटर काढला म्हणजे त्या घरात पुन्हा कोणी दिवा लावणार नाही, हे आपणच लिहून दिल्यासारखं.

लेस्टरच्या मीटरवर माझं काहीच नव्हतं, म्हणून तो मिनिटभरात निघाला.

"एवढ्यात नको," मी म्हटलं. "मे महिन्यात येतोय. तोवर बिल भरतो मी."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मलाही तसंच वाटत होतं. पण म्हटलं, तुला विचारावं."