नळामागची भिंत

मागच्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी कोथरूडमधल्या एका काकूंचा फोन आला. "दादा, नळ आणून ठेवलाय. फक्त बसवायचाय. दहा मिनिटांचं काम आहे, येऊन जा." इमारत चार मजली, घर सगळ्यात वर. ओट्यावर खोका उघडून ठेवलेला. आत सिंकचा नळ होता, उंच मानेचा, एका दांडीचा, तोंड ओढून हातात घेता येईल असा. वस्तू खरोखर सुरेख होती. मी आधी खोक्यात पाहिलं, मग गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. टाकी स्लॅबवरच टेकवलेली होती. खाली येऊन म्हणालो, "काकू, हा बसेल, पण याला पाणी येणार नाही." काकूंचा चेहरा उतरला. सणाच्या तोंडावर मी काम टाळतोय, असं त्यांना वाटलं असावं.

मग मी जुन्या नळाखाली दहा लिटरची बादली लावली आणि मोबाइलवर वेळ मोजली. सव्वा मिनिट. त्यांच्या आग्रहावरून नवा नळ बसवला आणि तीच बादली त्याच्याखाली धरली. साडेचार मिनिटं. तोंडाची जाळी काढून पाहिली, तरी साडेतीन. दुकानदार बसवलेला नळ परत घेत नाही, ते बरोबरच आहे. जुन्या नळाचं दुखणं एवढंच होतं की त्याचा स्पिंडल झिजला होता. तो बदलून जुना नळ जिथल्या तिथे लावला. नवा नळ काकूंच्या मुलीकडे गेला. ती दहा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथे तो आजही धो धो वाहतो.

तीस वर्षं हे काम करून मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते: नळ आणण्याआधी प्लंबरला बोलवा. लोक उलट करतात. नळ आधी दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करतात आणि मग बसवायला माणूस शोधतात. नळ दिसतो भिंतीच्या बाहेर, पण तो चालणार की नाही हे भिंतीच्या आत आणि गच्चीवर ठरलेलं असतं.

गच्चीवरचं गणित सोपं आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. टाकीतलं पाणी तुमच्या नळापेक्षा दोन मीटर वर असेल, तर दाब ०.२ किलो. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला, तर दर मजला खाली उतरताना ०.३ किलोची भर पडते. आपला जुना साधा नळ आतून मोकळा असतो, त्यामुळे ०.२ किलोवरही बादली भरतो. नव्या एकदांडी नळात पाणी आधी बोटापेक्षा बारीक नळीतून, मग कार्ट्रिजच्या छोट्या भोकांतून आणि शेवटी हवा मिसळणाऱ्या जाळीतून जातं. असे बरेच नळ अर्धा ते एक किलो दाब गृहीत धरून बनवलेले असतात. खोक्यावर किंवा आतल्या कागदावर किमान दाब छापलेला असतो, तो कुणी वाचत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तेवढी एक ओळ वाचली तरी पुष्कळ पैसे वाचतील. नाहीतर प्रेशर पंप बसवावा लागतो, म्हणजे नळापायी पंप, पंपापायी वायरिंग.

आंघोळीच्या खोलीत याच दाबाचं आणखी एक रूप दिसतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे मला दरवर्षी एकदोन फोन येतात: उटणं लावून माणूस बसलाय आणि गरम पाणी येत नाही. बहुतेक वेळा घरात गॅस गीझर असतो आणि दिवाळीआधी नवा मिक्सर बसवलेला असतो. गॅस गीझर पाण्याच्या ओघावर पेटतो. ठरावीक ओघ मिळाला नाही की त्याचा पडदा उचलला जात नाही आणि ज्योत लागत नाही. मिक्सरची दांडी मध्यावर ठेवली की गरम बाजूचा ओघ निम्मा होतो आणि गीझर विझतो. अशा घरात गरम आणि गार असे दोन वेगळे नळ आणि खाली बादली, हीच जुनी रीत सगळ्यात चांगली चालते. मी ग्राहकाला तसं स्पष्ट सांगतो, मिक्सर बसवून मिळणारी मजुरी जास्त असली तरी.

आता भिंतीच्या आतलं. मी आयटीआयमधून नळ कारागीर हा ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा पुण्यात सगळीकडे जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप होते. १९९५ च्या सुमारास सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात पहिल्या मजल्यावरच्या मोरीतला नळ बदलायला, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होतो त्या मिस्त्रींनी मला एकट्याला पाठवलं. नळ गंजून बसलेला. मी पाइप पान्हा लावला आणि सगळा जोर दिला. नळ हलला, मला आनंद झाला. पण फिरला होता तो नळ नव्हता, भिंतीतला पाइप होता. गंजलेले आटे आतल्या आत तुटले. वाड्याची भिंत पांढऱ्या मातीची, ती पाणी पीत गेली. मी पाणी बंद करायची चावी शोधेपर्यंत खालच्या बिऱ्हाडाच्या भिंतीवर ओल उतरली आणि त्यांच्या कपाटातली कागदपत्रं भिजली. मिस्त्री आले. मला एक शब्द बोलले नाहीत. खालच्या आजोबांची माफी मागितली, दोन दिवस गवंड्याबरोबर स्वतः राबले आणि खर्च दोघांच्या मजुरीतून दिला. त्या आजोबांचे ओले कागद दोरीवर वाळत घातलेले मला अजून दिसतात.

त्या दिवसापासून मी कुठलाही नळ दोन पान्ह्यांशिवाय काढत नाही. एकाने मागचा सॉकेट किंवा एल्बो धरायचा, दुसऱ्याने नळ फिरवायचा. सॉकेट भिंतीत बुडालेला असेल आणि पकडता येत नसेल, तर नळावर हळूहळू चारी बाजूंनी ठोके द्यायचे, गंज सोडवणारं तेल सोडून वाट पाहायची. आटा सुटताना पान्ह्याच्या दांडीतून एक बारीक झटका हाताला जाणवतो. पाइपच फिरत असेल तर तो झटका येत नाही, दांडी मऊ लागते. मऊ लागली की थांबायचं. हे मी शिकाऊ मुलांना शब्दांत सांगू शकत नाही. त्यांचा हात दांडीवर ठेवून वर माझा हात ठेवतो.

नव्या इमारतींत जीआय गेला आणि सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप आला. तो गंजत नाही, पण त्याची वेगळी नजाकत आहे. नळ जिथे बसतो त्या एल्बोच्या आत पितळी आटे असतात आणि बाहेर प्लास्टिक. लोखंडाची सवय असलेल्या माणसाने टेपचे थर चढवून जोराने नळ आवळला, की प्लास्टिकला केसाएवढी चीर पडते. त्या दिवशी काही दिसत नाही. आठ-पंधरा दिवसांनी पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीचा रंग फुगतो आणि टाइल्स फोडाव्या लागतात. म्हणून बोलावलेल्या माणसाला आधी विचारा: "भिंतीत पाइप कुठला आहे?" तो नळ न बघता उत्तर देत असेल, तर त्याला थांबवा. मागच्या एल्बोवर टॉर्च मारून, बोटाने चाचपून मग सांगत असेल, तर तो चांगला कारागीर आहे.

माझा जोडीदार ओडिशातल्या केंद्रापाड्याचा आहे. त्या जिल्ह्याने देशभर प्लंबर पुरवले आहेत, तिथे पट्टामुंडाईला या कामाची सरकारी शिक्षणसंस्थाही आहे. तो आल्या आल्या हत्यारांची पिशवी खाली ठेवतो आणि आधी चावी तपासतो. मुख्य चावी बंद करायची, नळ उघडायचा आणि पाणी पूर्ण थांबतं का ते पाहायचं. दहा वर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह बंद होतो असं वाटतं, पण पाणी थोडं वाहतच राहतं. कधी त्याचा स्पिंडलच तुटतो. मग गच्चीवरची चावी बंद करावी लागते, म्हणजे खालच्या सगळ्या घरांना आधी सांगणं आलं. हे नळ काढण्याआधी कळलं तर अर्ध्या तासाचा खोळंबा होतो, काढल्यावर कळलं तर घरात पाणी होतं.

टेपबद्दल थोडं. आपण टॅफलॉन म्हणतो ते टेफ्लॉन. १९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीतले रसायनतज्ज्ञ रॉय प्लंकेट शीतकरणाच्या वायूंवर काम करत असताना सिलिंडरमध्ये अनपेक्षितपणे साचलेली ही पांढरी पावडर. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं आपल्याकडे आट्यांवर तागाचा धागा आणि सफेदा लावत. लोखंडी आट्यांवर मी अजूनही धागाच वापरतो. टेप गुंडाळायची ती आटे आपल्याकडे करून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून गोळा होते. आपल्याकडच्या पातळ टेपचे मी दहा-बारा फेरे घेतो. आणि एक पथ्य: नळाचं तोंड सरळ खाली यायला हवं म्हणून आवळलेला नळ पाव फेराही मागे फिरवायचा नाही. पुढे गेला तर काढायचा, टेप नव्याने गुंडाळायची आणि पुन्हा बसवायचा. ज्या सांध्यात आत रबरी वायसर आहे तिथे टेप लागतच नाही. सिंकखालच्या कनेक्शन पाइपवर टेप गुंडाळणारा माणूस दिसला, तर त्याला पाणी कुठे अडतं हे कळलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळा टाळली जाणारी पायरी सगळ्यात सोपी आहे. जुना नळ काढल्यावर नवा लावण्याआधी पाइपच्या तोंडाशी बादली धरायची आणि चावी मिनिटभर उघडायची. आपल्या शहरांत पाणी ठरावीक तासच येतं. लाइन रिकामी होते आणि भरते, तेव्हा गाळ, गंजाचे पापुद्रे, वाळूचे कण सुटून येतात. जुन्या नळाला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये स्क्रूने वायसर दाबणारा नळ काढला. आपण लहानपणी चार-पाच वेळा फिरवून बंद करायचो तो नळ त्याच कुळातला. कण अडकला तर वायसर खराब होई, आणि तो घरातला कुणीही पक्कडीने बदलू शके. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घट्ट घासून बसवलेल्या असतात. वाळूचा एक कण मध्ये आला की चकतीवर रेघ उमटते, आणि नवाकोरा नळ आठवड्यात ठिबकायला लागतो. ग्राहक कंपनीला दोष देतो, कंपनी पाण्याला. त्या दिवशी मिनिटभर बादली धरली असती तर हे टळलं असतं. अंगणात, गच्चीवर, बोअरच्या पाण्यावर मी म्हणूनच अजून वायसरचा नळ लावायला सांगतो.

पितळ ओळखायचं तर नळ हातात घेऊन बघा. आपल्याकडचा पुष्कळसा पितळी माल गुजरातमधल्या जामनगरहून येतो आणि चांगला नळ हाताला भरीव वजनदार लागतो. वरच्या क्रोमच्या चमकेवरून काहीही कळत नाही. भिंतीवर टाइल्सवर टाइल्स लावलेल्या असतील, तर आतला आटा खोल गेलेला असतो. तिथे एक्स्टेंशन पीस लागतो. तो घरात नसेल तर माणूस नळच दोन आट्यांवर अडकवून जातो आणि फ्लँज लावून झाकतो. फ्लँज मागे सरकवून आत बघायला संकोचू नका.

मजुरीबद्दल मी नेहमी आधी बोलतो: पाहायला येण्याचे इतके, नळ बदलण्याचे इतके, आटा तुटला तर काम थांबवून तुम्हाला विचारीन. पाहायला येण्याचे पैसे लोकांना जड जातात. पण तेवढ्यात मी त्यांना सांगतो की नवा नळ नको, स्पिंडल बदला. काकूंच्या घरी तसंच व्हायला हवं होतं. आणि काढलेला जुना नळ पितळेचा असतो, त्याला भंगारात किंमत येते. तो घरमालकाचा. मिस्त्रींनी मला शिकवलं होतं की तो कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवायचा आणि जाताना दाखवायचा.

काम झाल्यावर मी सांध्याभोवती कोरडा कागद फिरवतो, कारण बोटाला ओल कळत नाही आणि कागदाला कळते. मग सिंकखाली वर्तमानपत्राचा एक पूर्ण ताव अंथरतो आणि सांगतो, रात्रभर राहू द्या. सकाळी डाग दिसला तर कागद उचलण्याआधी तो नक्की कुठे आहे ते पाहा आणि तेच मला फोनवर सांगा. नळाच्या बरोबर खाली असेल तर नळीचा वरचा सांधा, भिंतीच्या कडेला असेल तर अँगल कॉक, आणि बाउलखाली मधोमध असेल तर दोष नळात नाही, वेस्ट कपलिंगच्या वायसरात आहे. मग त्याच मापाचा वायसर खिशात टाकूनच मी येतो.