पाण्याचं वजन

‘मेग २ : द ट्रेंच’ हा शार्कपट भारतात लागला ४ ऑगस्ट २०२३ ला. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २२ जुलैला, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या महागाव तालुक्याचं नाव देशभरच्या बातम्यांत होतं. रात्रभराच्या पावसानं आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं होतं. पहिल्या बातमीत ४५ माणसं अडकल्याचं सांगत होते. हवाई दलाची दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरं मागवली होती, एसडीआरएफचे जवान बोटी घेऊन निघाले होते. बोटींनीच माणसं बाहेर काढली. महागावात आम्ही सारे दिवसभर आभाळाकडे आणि मोबाइलकडे बघत होतो.

माझ्या बहिणीचं घर तालुक्यातल्याच दुसऱ्या एका गावी, नाल्यापासून दोन शेतं सोडून. तिच्या ओसरीत पाणी शिरलं. धान्याच्या कोठीचा तळ भिजला, भाच्याची पुस्तकं गेली, आणि नाल्याकाठची पऱ्हाटी मातीसकट खरडून गेली. पंचनाम्याच्या रांगा सुरू झाल्या. पोरगा आठवीत. एरवी बडबड्या, पण त्या आठवड्यात गप्प गप्प राहायचा. पहिला ‘मेग’ त्यानं टीव्हीवर हिंदीत इतक्यांदा पाहिला होता, की जेसन स्टेथमच्या तोंडचे हिंदी संवाद तो आधीच म्हणून मोकळा व्हायचा. ‘पार्ट टू’ आला की नांदेडला थ्रीडीत दाखवीन, असं मी उन्हाळ्यातच कबूल केलं होतं. अशा दिवसांत सिनेमाला न्यावं की नाही, म्हणून बहिणीला विचारलं. ती म्हणाली, “ने बाप्पा त्याले. घरात चिखल उपसून उपसून पोरगं कंटाळून गेलं.”

एस.टी.नं उमरखेड, हदगाव, अर्धापूर करत नांदेडला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काही शेतांत अजून पाणी साचलेलं होतं, सोयाबीन पिवळं पडलेलं होतं. पोरगा खिडकीतून तेच पाहत होता.

पडद्यावर पहिलं दृश्य आलं ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. किनाऱ्यावर एक टी-रेक्स शिकार करतोय, आणि पाण्यातून झेपावलेला मेगॅलोडन, म्हणजे नामशेष झालेली अजस्र शार्क, त्यालाच ओढून नेतो. थिएटरात शिट्ट्या झाल्या. भूगोल आणि विज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे माझं डोकं लगेच सालं मांडायला लागलं. टी-रेक्स संपला ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. मेगॅलोडन आला त्यानंतर चार कोटींहून जास्त वर्षांनी, आणि ३६ लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला नाहीसा झाला. या दोघांची गाठ कधी पडलीच नाही. त्या दृश्याच्या काळात आमच्या भागात काय चाललं होतं, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा इथे भेगांमधून लाव्हा वाहत होता, थरावर थर चढत होते. त्याच काळ्या दगडाची झिजून झिजून आमची काळी माती झाली. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीकडे रस्त्याचं काम करताना २०२१ मध्ये त्या लाव्हाचे उभे, कोरून काढल्यासारखे खांब उघडे पडले. आणि वणीकडच्या पैनगंगा खोऱ्यात लाव्हाच्याही खाली चुनखडी आहे, ती तर कितीतरी जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली. आज इथून समुद्र पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर, पण कधीकाळी तो आमच्याच जिल्ह्यात होता. मला हे सिनेमातल्या शार्कइतकंच थरारक वाटतं.

पुढचा तासभर मात्र मी सालं विसरलो. जोनास टेलर, म्हणजे स्टेथम, आणि त्याचे साथीदार दोन पाणबुड्या घेऊन समुद्रातल्या खोल खंदकात उतरतात. मेइयिंग ही मुलगी लपून आत शिरलेली. तिची आई पहिल्या भागात होती, दुसऱ्यात ती वारलेली आहे. तिच्या मामाचं, जिउमिंगचं, काम वू जिंगनं केलंय. तळाशी कुणीतरी चोरून खाणकाम करतंय असं कळतं, स्फोट होतो, पाणबुड्या निकामी होतात, आणि मग यांना अवजड यंत्र-पोशाख घालून समुद्राच्या तळावरून चालत जावं लागतं. चहूकडे अंधार. दिव्याचा झोत चार पावलांवर संपतो. बाहेर काय फिरतंय ते दिसत नाही. एकाच्या हेल्मेटच्या काचेला तडा जातो आणि पुढच्या क्षणाला तो माणूस उरत नाही. तिथे रक्तही फार दाखवलेलं नाही. कुणाचा जबडा नाही, दात नाहीत, पाण्यानंच मारलं.

भाच्यानं माझा हात धरला तो तिथे. शार्क आली तेव्हा त्यानं धरला नव्हता.

मला त्याचं कारण कळलं. पुराच्या रात्री त्याच्या घरच्यांनी पाणी पाहिलंच नव्हतं, लाइट गेली होती. आधी आवाज आला, मग पायाला गार लागलं, मग कळलं की उंबरठ्यावरून आत येतंय. किती आलंय, आणखी किती येणार, काही दिसत नव्हतं. ज्यानं अशी रात्र काढलीय त्याला अंधारातल्या पाण्याची भीती समजावून द्यावी लागत नाही. दिग्दर्शक बेन व्हीटली हा मूळचा छोट्या, कमी पैशातल्या भयपटांचा माणूस. त्याचा हात त्या तासाभरात दिसतो. न दाखवता घाबरवणं त्याला जमतं.

आणि पाण्याचं वजन ही गोष्ट तर आमच्या ओळखीची. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. गुडघाभर वाहतं पाणी पुलावर असलं तरी मोटारसायकल आडवी होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाचा, म्हणजे डोक्यावरच्या सगळ्या हवेइतका दाब वाढतो. सिनेमातली माणसं २५,००० फुटांवर, म्हणजे साधारण ७,६०० मीटरवर आहेत. तिथे दाब सातशे साठ पटींच्या पुढे. करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर पाऊण टन. पहिल्या भागातला मारियाना खंदक याहूनही खोल आहे, चॅलेंजर डीप तर जवळजवळ अकरा किलोमीटर. तिथे १९६० मध्ये ‘ट्रिएस्ट’मधून जॅक पिकार आणि डॉन वॉल्श पहिल्यांदा पोचले. २०१२ मध्ये जेम्स कॅमेरॉन एकटा उतरला.

इतकं सगळं नीट उभं करून सिनेमा स्वतःच ते मोडतो. जोनास त्या खोलीवर पोशाखाशिवाय बाहेर पडतो, पोहून काम करतो, परत येतो. कारण काय, तर नाकामागच्या पोकळ्यांत पाणी भरून घेतलं की दाब काही करत नाही. मला तिथे राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. हा सिनेमा लागायच्या सात आठवडे आधी, १८ जूनला, ‘टायटन’ नावाची पाणबुडी ‘टायटॅनिक’कडे उतरताना दाबानं चिरडली गेली होती. आतले पाचही जण गेले. ‘टायटॅनिक’ची जागा ३,८०० मीटरवर, म्हणजे सिनेमातल्या खोलीच्या निम्म्यावर. चित्रीकरण त्याच्या बरंच आधी झालेलं असणार, हे मला मान्य आहे. पण अपघात झालेला असो वा नसो, पाण्याचा दाब खोटा ठरवून नायक मोठा होत नाही. त्याच्या आधीचा सगळा ताण तेवढ्यानं सैल पडला.

मध्यंतरानंतर तर पाण्याची भीतीच संपली. सगळे वर आले. ‘फन आयलंड’ नावाचं सहलीचं बेट, झगझगीत ऊन, पोहणारी माणसं. त्यांच्यावर एकाच वेळी तीन मेगॅलोडन, एक अजस्र ऑक्टोपस आणि खंदकातून वर आलेले सरड्यासारखे प्राणी. जोनास जेट-स्कीवर स्फोटकं बांधलेले भाले घेऊन फिरतो, आणि शेवटी पडलेल्या हेलिकॉप्टरचं पातं भाल्यासारखं धरून शार्कच्या तोंडात खुपसतो. थिएटरातली पोरं बाकावर उभी राहून ओरडत होती. त्यांच्या आनंदात मला खोट काढायची नाही. भाचाही हसला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला हसताना पाहून मला फार बरं वाटलं. पण तो घाबरला नाही. जे सगळंच दिसतं, उजेडात दिसतं आणि इतकं मोठं दिसतं, त्याची भीती वाटत नाही. पहिल्या भागात जॉन टर्टलटॉबनं शार्क बराच वेळ राखून ठेवली होती. ते पथ्य दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात सुटलं. जगभरात पहिल्यानं ५३ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्यानं ३९ कोटींच्या वर. पैसा आलाच, पण उतरून आला.

हेलिकॉप्टरच्या त्या दृश्यात मी काही क्षण वेगळाच विचार करत होतो. आनंदनगरच्या लोकांना जे हवं होतं ते आभाळातून येणारं साधं हेलिकॉप्टर, आणि शेवटी उपयोगी पडल्या त्या रबरी बोटी, दोर आणि ज्यांचं नावही कुणी विचारलं नाही असे जवान. पडद्यावर एकच माणूस सगळ्यांना वाचवतो. खऱ्या पुरात एक माणूस कुणालाच वाचवू शकत नाही. दोर धरायलाच चौघं लागतात.

परतीच्या एस.टी.त भाचा बोलायला लागला आणि महागाव येईस्तोवर थांबला नाही.

“मामा, एवढी मोठी मासोळी अजून खाली असंन का जी?”

नाही, म्हटलं. मेगॅलोडन उथळ, कोमट पाण्यात राहायचा, पिल्लंही किनाऱ्याजवळ वाढवायचा. त्याच्या दातांच्या रसायनावरून शास्त्रज्ञांनी काढलंय की त्याचं अंग भोवतीच्या पाण्यापेक्षा गरम असायचं. असं अंग चालवायला खायला खूप लागतं. खंदकात गारठा, आणि खायला वरून झिरपत आलेलं थोडंसं. तो तिथे टिकला नसता.

“मग आपल्याले कसं समजलं का तो होता?”

दातांवरून. शार्कचा सांगाडा मऊ, कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात टिकतात. मेगॅलोडनचा दात हाताच्या पंजाएवढा. ओडिशात बारिपद्याजवळच्या जुन्या समुद्री थरांतही प्राचीन शार्कचे दात सापडतात. पोरानं स्वतःचा पंजा पसरून बघितला.

“आन् माणूस खरंच जाते का एवढ्या खाली?”

इथे त्याला उत्तर देताना माझाच ऊर भरून आला. जातो, आणि आपलाही जाणार आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत ‘मत्स्य-६०००’ नावाची पाणबुडी तयार होतेय. तीन माणसं, सहा हजार मीटर. ती ज्या गोळ्यात बसणार तो टायटॅनियमचा, आतून २.१ मीटर, आणि त्याची भिंत फक्त ८० मिलिमीटर जाड. एवढ्या भिंतीनं सहाशे पट दाब पेलायचा. म्हणून तो गोल. कोपरा असला की दाब तिथेच फोडतो. पोरानं बसच्या धुरकट काचेवर बोटानं गोळा काढला, बाहेरून आत येणारे बाण काढले, आणि सगळे बाण सारखे येतात का ते मोजलं. शाळेत दाबाचा धडा मी कित्येक वर्गांना शिकवला, पण तो इतका लवकर कुणाला समजलेला मला आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात तेच केलं. सिनेमा पाहिलेली चार-पाच पोरं होती, बाकीच्यांनी मोबाइलवर तुकडे बघितले होते. टी-रेक्स आणि मेगॅलोडनचं साल फळ्यावर मांडलं, लाव्हाचं मांडलं, मग नाल्याच्या पुलावरचं पाणी आणि खंदकातलं पाणी एकाच सूत्रात बसवलं. पुराचे दिवस ताजे होते. एका मुलीनं विचारलं, पुलावरून पाणी जात असताना नेमकं किती खोल असलं की जायचं नाही? मी सांगितलं, तळ दिसत नसला की जायचंच नाही, मग ते घोट्याएवढं का असेना, कारण खालचा पूल आहे की वाहून गेलाय हे वरून कळत नाही. हे उत्तर त्यांना पाठ व्हावं, एवढ्यासाठी तो सिनेमा उपयोगी पडला, आणि त्याबद्दल मी त्याचे आभार मानतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली, की फ्रान्सच्या ‘नॉटील’ पाणबुडीतून आपले दोन जण अटलांटिकच्या तळाकडे उतरले आणि त्यांतला एक पाच हजार मीटरच्या पलीकडे पोचला. भाचा तेव्हा दहावीत होता. त्यानं ती बातमी माझ्याआधी वाचली होती. शाळेच्या ग्रंथालयात समुद्राच्या तळाविषयी मराठी पुस्तक मिळेल का, असं त्यानं मला विचारलं. मी शोधलं. ज्वारी-कपाशीवर आहे, वाघांवर आहे, ग्रहताऱ्यांवर आहे, समुद्राच्या तळावर नाही. समुद्र लांब आहे म्हणून आमच्या मुलांना त्याचं काही नाही, असं कुणी तरी कधी तरी ठरवून टाकलेलं दिसतं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी अशी पुस्तकं मराठीत लिहावीत, आणि ज्यांच्या हाती शाळांच्या पुस्तकखरेदीची यादी आहे त्यांनी ती महागावसारख्या गावांना पाठवावीत. मागणारी मुलं इथे आहेत.