मालक नसलेलं दुकान

आमच्या आठवीच्या वर्गात खिडकीखाली एक पत्र्याची पेटी असायची. कुलूप नाही, झाकण कायम उघडं. आत शिसपेन्सिली, खोडरबरं, निबा, शाईच्या पुड्या, शंभर पानी वह्या आणि कोपऱ्यात पैसे टाकायला एक डबा. झाकणाच्या आतल्या बाजूला किमतींचा कागद खळीनं चिकटवलेला. हवं ते घ्यायचं, डब्यात पैसे टाकायचे, सुटे हवे असले तर त्यातूनच उचलायचे. विकायला कोणी बसत नसे. आम्ही तिला दुकानच म्हणायचो. साल १९७८, सातारा जिल्ह्यातलं एक खेडं.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला वर्गशिक्षक पेटी टेबलावर घेत. चौकोनी पाच पैसे एकीकडे, नागमोडी कडांचे दहा पैसे दुसरीकडे. मग राहिलेला माल मोजत आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन ओळी लिहीत : माल गेला इतक्याचा, जमा इतके, तूट इतकी. तो कोपरा पुढच्या शनिवारपर्यंत पुसायचा नाही, असा वर्गाचा दंडक होता. कोणी घेतलं, असं सरांनी वर्षभरात एकदाही विचारलं नाही.

एका आठवड्यातली तूट माझी होती. पंधरा पैशांचं हिरवं, वासाचं खोडरबर. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता आणि मी ते खिशात टाकलं. शनिवारी फळ्यावर आलं, 'तूट १५ पैसे'. सोमवारी ते तिथंच. मंगळवारीही. मराठीचा तास असो की भूमितीचा, माझे डोळे त्या कोपऱ्यात. खोडरबर दप्तरात होतं, पण बाहेर काढवत नव्हतं. शुक्रवारी आईकडून पैसे मागून आणले आणि कोणी नसताना डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी सरांनी मोजदाद केली, क्षणभर थांबले आणि लिहिलं, 'वाढ १५ पैसे'. त्याच वळणदार अक्षरात. मान वर करून वर्गाकडे पाहिलंसुद्धा नाही. शाळा सुटल्यावर मी घरापर्यंत पळत गेलो, एवढं आठवतं.

तेव्हाचं सगळंच सोन्यासारखं होतं, असं मी म्हणणार नाही. त्याच शाळेत दुसऱ्या एका मास्तरांची छडी होती आणि ती गणित चुकलेल्या पोरांच्या बोटांवर बसायची. वर्ग झाडायच्या पाळ्या होत्या, पण मुलींच्या वाट्याला त्या जास्त यायच्या. फळ्यावर समतेचा सुविचार असायचा आणि व्हरांड्यातल्या माठाचं पाणी काही मुलांना वरून ओतून मिळायचं. ते आम्ही पाहत होतो आणि गप्प होतो. आठवणी काढायच्या तर ही आठवणही काढली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून छडीला बंदी आली, हे फार चांगलं झालं.

पुढं शाळांमध्ये मूल्यशिक्षण रीतसर आलं. १९९७ च्या सुमारास दहा मूल्यांची यादी परिपाठात शिरली. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वक्तशीरपणा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी ती यादी तेव्हाच्या मुलांना पाठ असे. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांतून 'मूल्यवर्धन' सुरू झालं. त्यात मुलं जोडीनं, गटानं बसून आपलं म्हणणं मांडतात, दुसऱ्याचं ऐकतात. आम्हाला वर्गात असं कोणी बोलूच दिलं नव्हतं. नववी-दहावीला तर आता 'स्व-विकास व कलारसास्वाद' नावाचं स्वतंत्र पुस्तक आहे. पुस्तक चांगलं आहे, मी वाचलंय. स्वतःची ओळख, भावना, ताण यांवर आमच्या वयात कोणी अक्षर काढलं नव्हतं. दुःख एवढंच की त्याला श्रेणी असते, गुण नसतात. म्हणून दहावीच्या वर्षात तो तास बहुतेकदा गणित-विज्ञानाच्या सरावाला जातो आणि वही शेवटच्या आठवड्यात एकमेकांची पाहून भरली जाते. स्व-विकासाची वही दुसऱ्याची पाहून लिहायची वेळ मुलांवर आपण आणतो.

माझी नात पुण्यात नववीत आहे. तिला पेटीची गोष्ट सांगितली, तर तिचा पहिला प्रश्न होता, "आजोबा, कॅमेरा नव्हता?"

तिचा दोष नाही. तिच्या वर्गात कॅमेरा आहे, जिन्यात आहे, बसमध्ये आहे. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर सरकारनं शाळांना कॅमेरे सक्तीचे केले आणि लेकरांच्या सुरक्षिततेसाठी ते हवेतच. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी नजरेखाली असलेल्या पोराला, कोणी पाहत नसताना आपण कसे वागतो, हे कळायचं कधी? मला ते तेराव्या वर्षी कळलं, पंधरा पैशांत.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवत. हे त्यांनी मुलांना सांगितलं नाही. मुलांना काही दिवसांनी आपोआप कळलं आणि मग ती स्वतःच झाडू लागली. पुढं १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली, पण काच पुसणारा तो हात आधीचा आहे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. नववीच्या एका वर्गात अशी एक पेटी ठेवा. पाचशे रुपयांत पेनं, पेन्सिली, वह्या येतात, हवं तर मी देतो. ती कॅमेऱ्यासमोर ठेवू नका. मुलांच्या खिशात हल्ली नाणी नसतात, तर सोमवारी दहा-दहाची नाणी आणायला सांगा. शनिवारी सगळ्यांदेखत हिशोब करा आणि तूट आली तर फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहा. नाव मात्र विचारू नका.